शेजारी, अणुबॉम्ब अन् १ जानेवारीची यादी

२०२५ च्या एप्रिल-मे महिन्यात काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे. पहलगामला २६ जणांना मारलं, मग ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर, मग ड्रोन, मिसाईल, सीमेवरच्या शहरांत ब्लॅकआऊट, अन् १० मेला दुपारी पाकिस्तानच्या डीजीएमओचा (म्हणजे लष्करी कारवायांच्या प्रमुखाचा) आपल्या डीजीएमओला फोन आला आणि संध्याकाळी ५ वाजता फायरिंग थांबलं. त्या दिवसांत आमच्या गावात पानठेल्यावर, सलूनमध्ये, कृषी केंद्राच्या बाकड्यावर एक वाक्य इतक्यांदा ऐकलं की अजून डोक्यातून जात नाही. "टाकून द्या न बाप्पा एकदाचा, रोजची कटकट मिटते." काय टाकून द्या, तर अणुबॉम्ब.

म्हणणारे लोक वाईट नाहीत, माझेच आहेत. राग खरा आहे आणि तो मला समजतो. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले त्यात दोघं आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले होते. आमच्या भागात पहाटे डांबरी रोडवर जा, भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील, शेतीत काही उरलं नाही म्हणून अर्ध्या गावाचं लक्ष वर्दीकडं आहे. लढाई झाली तर मरणार कोण, तर हीच पोरं. त्यामुळं पाकिस्तानबद्दल गोड गोड बोला असं मी कोणाला सांगायला बसलो नाही. पण "टाकून द्या" हे वाक्य मात्र मला सहन होत नाही, आणि ते का, ते नीट लिहावं असं किती दिवसांपासून मनात होतं.

आधी बॉम्ब किती आहेत ते पाहू. स्टॉकहोमची सिप्री नावाची संस्था दरवर्षी अंदाज देते. जानेवारी २०२५ चा त्यांचा अंदाज असा की भारताकडं १८० च्या आसपास, पाकिस्तानकडं १७० च्या आसपास, आणि चीनकडं कमीत कमी ६००. हिरोशिमावर पडलेला बॉम्ब साधारण १५ किलोटनचा होता, म्हणजे १५ हजार टन टीएनटी एवढा, आणि आजच्या हिशोबात तो लहान बॉम्ब समजला जातो. दिल्ली ते लाहोर अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढं अंतर कापायला बॅलिस्टिक मिसाईलला, म्हणजे वर फेकलं जाऊन कमानीनं खाली येणाऱ्या मिसाईलला, पाच-सहा मिनिटं लागतात. अमेरिका अन् रशिया एकमेकांपासून इतके लांब आहेत की त्यांच्याकडं अर्धा तास तरी राहते, रडारवर दिसलं ते खरं की खोटं हे पाहायला, नेत्याला उठवायला, फोन लावायला. आपल्या दोघांकडं तो अर्धा तास नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात भयंकर गोष्ट ही आहे, अन् तिच्यावर टीव्हीवर कधी दोन मिनिटं बोलताना कोणी ऐकलं नाही.

आता गावातली माणसं म्हणतात की पडला तर दिल्ली-मुंबईवर पडन, आपल्या वावरात कोण टाकते. बरोबर आहे, सोयाबीनच्या वावरात कोणी बॉम्ब टाकणार नाही. (नागपूर आणि आसपासच्या कारखान्यांचं तेवढं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण ते जाऊ द्या.) पण बॉम्ब वावरात पडायची गरजच नाही. शहरं पेटली की जो काळा धूर उठतो, ती काजळी ढगांच्याही वर जाते, तिथं पाऊसच नसल्यामुळं ती धुवून निघत नाही, वर्षानुवर्षं तिथंच राहते अन् ऊन अडवते. २०१९ मध्ये सायन्स ॲडव्हान्सेस नावाच्या जर्नलमध्ये शास्त्रज्ञांनी भारत-पाकिस्तान अणुयुद्धाचाच हिशोब मांडला होता. त्यांच्या हिशोबात थेट मरणारे ५ कोटी ते १२.५ कोटी, वर जाणारी काजळी १.६ ते ३.६ कोटी टन, पृथ्वीचं तापमान २ ते ५ अंशांनी खाली, आणि जगभरातला पाऊस १५ ते ३० टक्के कमी. हे जगाचं ॲव्हरेज आहे हं.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२० ला, आणखी एक अभ्यास आला, त्यात युद्ध लहान धरलं होतं, हिरोशिमाच्या साईजचे १०० बॉम्ब अन् ५० लाख टन काजळी. त्यात जगातल्या पिकांचं पहिल्या पाच वर्षांत काय होईल ते काढलं होतं. मका सुमारे १३ टक्के कमी, गहू ११ टक्के, तांदूळ ३ टक्के, आणि सोयाबीन १७ टक्के. चारही पिकांत सगळ्यात जास्त मार सोयाबीनला. हा आकडा मी वाचला तेव्हा मला वाशीम दिसलं, यवतमाळ दिसलं, आमचं देवळी दिसलं. सगळे शास्त्रज्ञ याच्याशी सहमत नाहीत हे पण सांगतो, काहींचं म्हणणं आहे की एवढी काजळी एवढ्या वर जाणारच नाही. ठीक आहे, अर्धी धरा. पाव धरा.

कोरडवाहू शेती म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडं मृगाचा पाऊस आठ-दहा दिवस लांबला तरी घरातलं बोलणं बंद होते. पेरलं अन् वीस दिवस पाणी नाही आलं तर दुबार पेरणी, म्हणजे परत बियाण्याची बॅग, परत खत, परत कृषी केंद्रात उधारी किंवा मग सावकार. एकरी उतारा दोन क्विंटलनी कमी झाला की दिवाळीत कपडे नाही, पोरीची फी नाही, बँकेत रिन्यूअल नाही. आणि हे सगळं एका साध्या खराब हंगामात होते. पाच वर्षं लागोपाठ पावसाचंच खरं नाही, ऊनच कमी, असं झालं तर विदर्भातल्या किती घरांचं काय होईल? इथं आधीच किती माणसं फवारणीचा डबा किंवा दोर जवळ करतात ते काय मी वेगळं सांगू. तर "टाकून द्या" म्हणणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच, की भाऊ, तो बॉम्ब पडन लाहोरवर अन् दिल्लीवर, पण दहा वर्षं त्याचा हप्ता तू भरशील.

आता करारांकडं येतो. लोकांना वाटते की भारत अन् पाकिस्तानमध्ये अणुबॉम्बबद्दल काहीच ठरलेलं नाही, नुसती एकमेकांवर नजर. तसं नाही. १९८० च्या दशकात पाकिस्तानला भीती होती की भारत त्यांचा कहुटाचा युरेनियमचा कारखाना बॉम्बनं उडवेल. इस्रायलनं १९८१ मध्ये इराकची अणुभट्टी तशी उडवलीच होती, त्यामुळं ही भीती काही हवेतली नव्हती. डिसेंबर १९८५ मध्ये राजीव गांधी आणि झिया उल हक यांचं तोंडी ठरलं की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. झियांचं विमान १९८८ मध्ये पडलं, बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या, राजीव गांधी इस्लामाबादला गेले आणि ३१ डिसेंबर १९८८ ला त्यावर सह्या झाल्या. करार २७ जानेवारी १९९१ पासून लागू झाला. त्यात लिहिलं आहे की दरवर्षी १ जानेवारीला दोघांनी आपापल्या अणुकेंद्रांची यादी, अक्षांश-रेखांशासकट, एकमेकांना द्यायची.

आणि देतात. १ जानेवारी १९९२ ला पहिली यादी दिली, तेव्हापासून चालू आहे. १९९९ ला कारगिल झालं, यादी गेली. डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, दोन्हीकडचं सैन्य सीमेवर जाऊन उभं राहिलं, आणि त्याच्यानंतर तीनच आठवड्यांनी १ जानेवारी २००२ ला यादी गेली. २६/११ नंतर सव्वा महिन्यात यादी गेली. पुलवामा-बालाकोट झालं, पुढच्या जानेवारीत यादी गेली. १ जानेवारी २०२५ ला ३४ व्यांदा यादी दिली-घेतली. त्याच दिवशी एकमेकांच्या तुरुंगात असलेल्या कैद्यांची अन् मच्छीमारांची यादी पण देतात, ती २००८ च्या वेगळ्या करारानुसार आणि ती वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. पेपरमध्ये आतल्या पानावर चार ओळी येतात. मला तर वाटते ही पहिल्या पानाची बातमी आहे. ज्या दोन देशांचं क्रिकेटपासून कांद्यापर्यंत सगळं बंद पडते, त्यांच्यात ही एक गोष्ट तीस वर्षांवर एकदाही चुकली नाही.

कोणी म्हणेल त्या यादीत काय असते, सगळं उपग्रहावरून दिसतेच, आणि दोघंही काहीतरी लपवत असतीलच. असतील. पण यादीचा उपयोग माहितीसाठी कमी अन् सवयीसाठी जास्त आहे. हे मी का म्हणतो ते आमच्याकडच्या एका गोष्टीवरून सांगतो. आमच्या शिवारात दोन शेजारी आहेत, नावं नाही घेत, धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, त्यांचं असं वाजलं आहे की तहसीलमध्ये केस, मोजणी दोनदा झाली, मोजणीवर पण भांडण, एकमेकांच्या घरच्या लग्नात जात नाहीत, मयतीला जातात पण बाजूला उभे राहतात. आता रानडुकरं अन् रोही यांच्यामुळं दोघांच्याही वावराला तारेचं कंपाउंड आहे. बहुतेक जण सोलरची झटका मशीन लावतात, त्यानं माणूस मरत नाही, पण काही लोक लपून थेट लायनीवर आकडा टाकून तारेत करंट सोडतात, तो गुन्हा आहे आणि त्यात दरवर्षी विदर्भात माणसं मरतात, कधी स्वतःच्याच घरची. तर या दोघांत बोलणं बंद असूनही एक पद्धत आहे. ज्या रात्री कोणाची तार चालू असन त्या दिवशी संध्याकाळी एकाच्या पुतण्याचा दुसऱ्याच्या गड्याला फोन येते, "दादा, आज रातच्याला तार चालू हाय, धुऱ्याकडून येऊ नोका, लेकरायले जागलीले धाडू नोका." बस. ना रामराम ना कसं काय. केस चालूच आहे. कोणी कोणाला माफ केलेलं नाही. पण दोन्ही घरची माणसं जिवंत आहेत. अन् त्या फोनमुळं कोणी नमतं घेतलं असं गावात एकही माणूस म्हणत नाही.

भारत-पाकिस्तानमध्ये असाच फोनाचा करार आहे. ३ ऑक्टोबर २००५ चा. बॅलिस्टिक मिसाईलची चाचणी घ्यायची असेल तर कमीत कमी तीन दिवस आधी समोरच्याला कळवायचं, सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत डागायची नाही आणि सीमेपासून ७० किलोमीटरच्या आत ती पडली नाही पाहिजे. साधा करार. पण पाच मिनिटांत निर्णय घ्यायचा असतो तिथं "ही चाचणी आहे" हे आधीच माहीत असणं म्हणजे काय हे तुम्हीच विचार करा. २१ फेब्रुवारी २००७ ला आणखी एक करार झाला, आपल्याकडं अण्वस्त्राचा काही अपघात झाला अन् त्यातून समोरच्याचा गैरसमज व्हायची शक्यता असेल तर लगेच कळवायचं.

आणि या दोन्ही करारांचं बी कुठं पेरलं गेलं तर लाहोरला. मे १९९८ मध्ये आपण ११ अन् १३ तारखेला पोखरणला चाचण्या घेतल्या, पाकिस्ताननं २८ अन् ३० ला बलुचिस्तानात घेतल्या, सगळं जग घाबरलं. नंतर फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसनं लाहोरला गेले आणि २१ फेब्रुवारीला नवाझ शरीफ यांच्यासोबत जाहीरनामा झाला. त्यासोबत एक सामंजस्य करार होता ज्यात मिसाईल चाचण्यांची सूचना द्यायची आणि अपघाताचा धोका कमी करायचा हे लिहिलं होतं. लोक आज लाहोर म्हटलं की एवढंच म्हणतात की आपण बस घेऊन गेलो अन् त्यांनी कारगिलमध्ये घुसखोरी केली. ते खरंच आहे, पाठीत खंजीर होता तो, आणि पाचशेच्या वर जवान गेले. पण तोच लाहोरचा कागद कारगिलमध्ये मेला नाही. सहा वर्षांनी त्यातून २००५ चा करार निघाला आणि आठ वर्षांनी २००७ चा. मधे युद्ध झालं, मधे संसदेवरचा हल्ला झाला, दहा महिने सैन्य सीमेवर राहिलं. त्या दहा महिन्यांबद्दल एक सांगायचं राहिलंच, तेव्हा पंजाब अन् राजस्थानात सीमेलगतच्या शेतांमध्ये सुरुंग पेरले होते, शेतकऱ्यांचे हंगाम बुडाले, नंतर सुरुंग काढताना जवान पण जखमी झाले, गेले. तिकडच्या गव्हाच्या वावरात आपल्याच लोकांनी पेरलेले सुरुंग, ही गोष्ट आपल्याकडं कोणाला माहीतच नाही.

अपघाताचा करार मला खास महत्त्वाचा का वाटते ते पुलगावजवळ राहणाऱ्या माणसाला विचारा. आमचं गाव तिथून फार लांब नाही. ३१ मे २०१६ ची मध्यरात्र, एक वाजायचा टाईम, केंद्रीय दारूगोळा भांडाराला आग लागली. पहिला आवाज झाला तेव्हा मला वाटलं वीज पडली, उन्हाळ्यात बाहेर खाटेवर झोपलेलो, उठून पाहतो तर आभाळ लाल, अन् मग दुसरा आवाज, दाराची कडी आपोआप थरथरत होती, गोठ्यातली जनावरं दावं तोडायला लागली. आई म्हणे, "लढाई सुरू झाली का रे?" तिला दुसरं काय वाटणार. जवळच्या गावातली माणसं लेकरं घेऊन अंधारात निघाली, ट्रॅक्टर, बैलगाडी, मोटरसायकल, जे सापडलं त्यावर. डेपोतले दोन अधिकारी अन् आग विझवायला धावलेले किती जण गेले, मृतांचा आकडा १६ च्या वर होता. कारण म्हणून जुन्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून झिरपणाऱ्या टीएनटीचं नाव पुढं आलं होतं. मग नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच भागात जुना दारूगोळा निकामी करायच्या ठिकाणी स्फोट झाला, सहा जण गेले, त्यात आसपासच्या गावातले मजूर होते. हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. तिथं काम करणारी माणसं शिकलेली, शिस्तीची, आणि मरण समोर दिसत असताना आगीत गेलेली माणसं आहेत. मी एवढंच म्हणतो की स्फोटकं जिथं आहेत तिथं कधी ना कधी अपघात होतो, कितीही काळजी घ्या. अन् हा तर साध्या दारूगोळ्याचा. रात्री एक वाजता, दोन देशांत तणाव असताना, सीमेजवळच्या एखाद्या तळावर असा भडका उडाला तर पलीकडचा माणूस पाच मिनिटांत काय समजेल? माझ्या आईला जे वाटलं तेच त्याला वाटेल.

आणि हे नुसतं मनातलं नाही, जवळपास झालंच होतं. ९ मार्च २०२२ ला आपल्याकडून एक ब्राह्मोस मिसाईल चुकून सुटलं अन् पाकिस्तानात मियां चन्नू नावाच्या शहराजवळ जाऊन पडलं. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार ते त्यांच्या हद्दीत १२४ किलोमीटर आत होतं. नशिबानं कोणी मेलं नाही. भारतानं ११ मार्चला, म्हणजे दोन दिवसांनी, जाहीर केलं की मेंटेनन्स चालू असताना तांत्रिक बिघाडामुळं ते सुटलं, आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना नोकरीतून काढलं. आपण चूक कबूल केली, जबाबदारी ठरवली, हे चांगलंच झालं आणि पाकिस्ताननं पण त्या रात्री डोकं शांत ठेवलं हे मान्य केलं पाहिजे. पण ब्राह्मोस हे क्रूझ मिसाईल आहे, म्हणजे विमानासारखं खालून उडत जाणारं. २००५ चा करार फक्त बॅलिस्टिक मिसाईलचा आहे. क्रूझ त्यात नाहीच. ड्रोन पण नाहीत. म्हणजे २०२५ च्या मे मध्ये जी हत्यारं सगळ्यात जास्त वापरली, त्याच हत्यारांबद्दल दोघांत एक ओळ लिहिलेली नाही. हे भोक बुजवायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

डॉक्ट्रिनचं, म्हणजे बॉम्ब कधी वापरायचा या धोरणाचं, थोडक्यात सांगतो कारण टीव्हीवर त्याचा लय गोंधळ घालतात. भारतानं जानेवारी २००३ मध्ये जाहीर केलं की आम्ही पहिला अणुबॉम्ब वापरणार नाही, पण आमच्यावर वापरला तर प्रचंड प्रत्युत्तर देऊ. पाकिस्ताननं असं वचन दिलेलं नाही, कारण त्यांचं सैन्य आपल्यापेक्षा लहान आहे आणि आपले रणगाडे आत घुसले तर त्यांना बॉम्बचाच आधार वाटतो. म्हणून त्यांनी नस्र नावाचं ६० किलोमीटर मारा करणारं छोटं मिसाईल काढलं, पहिली चाचणी एप्रिल २०११. हे छोटे बॉम्ब मला मोठ्या बॉम्बपेक्षा जास्त धोक्याचे वाटतात. मोठा बॉम्ब राजधानीच्या ताब्यात राहते, छोटा बॉम्ब रणांगणाजवळ न्यावा लागते, आणि जिथं गोळीबार चालू आहे तिथं एखादा कमांडर घेरला गेला तर "वापरा नाहीतर गमवा" अशी पाळी येते. अन् एकदा का छोटा पडला की आपलं धोरण सांगते मोठं प्रत्युत्तर. मग थांबायचं कुठं हे दोन्हीकडच्या कोणत्याच कागदात लिहिलेलं नाही.

यात चीनला विसरून चालत नाही. आपला बॉम्ब पाकिस्तानपेक्षा चीनकडं पाहून जास्त बनला, १९६२ चं युद्ध आणि १९६४ ची त्यांची पहिली चाचणी यामुळं. आपण अग्नी-५ वर एकाच मिसाईलमध्ये अनेक बॉम्ब बसवायची चाचणी ११ मार्च २०२४ ला घेतली ती चीनसाठी. पण पाकिस्तान ती पाहून आपल्यावर आली म्हणते, अन् ते वाढवते, अन् तिकडं चीन अमेरिकेला पाहून वाढवते. म्हणून नुसतं दोघांनी बसून "इतके तुझे इतके माझे" असा आकडा ठरवणं आज तरी होणार नाही, आणि जो नेता म्हणेल की आपण उद्या सगळे बॉम्ब नष्ट करू त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. सेवाग्राम आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, बापूंनी हिरोशिमानंतर अणुबॉम्बविरुद्ध जे सांगितलं ते मनापासून पटते, पण तिथवर पोहोचायचा रस्ता लांब आहे आणि तोपर्यंत कोणाच्या चुकीनं आपण सगळे जळून जाऊ नये एवढी व्यवस्था तरी पाहिजे.

दुसऱ्यांनी काय केलं ते पाहा. १९६२ च्या ऑक्टोबरात क्युबावरून अमेरिका अन् सोव्हिएत रशिया अणुयुद्धाच्या तोंडाशी गेले. मैत्री झाली का त्यानंतर? अजिबात नाही, पुढं पंचवीस-तीस वर्षं दुश्मनीच होती. पण १९६३ च्या जूनमध्ये हॉटलाईन झाली, ऑगस्टमध्ये हवेत अन् पाण्यात चाचण्या बंद करायचा करार झाला. १९८६ च्या आसपास जगात ७० हजारच्या जवळ अण्वस्त्रं होती, आज १२ हजारच्या आसपास आहेत. १९८७ च्या आयएनएफ, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या मिसाईलच्या, करारात दोघांनी मिळून २,६९२ मिसाईल मोडली, आणि रशियाचे अधिकारी अमेरिकेत, अमेरिकेचे रशियात कारखान्याच्या फाटकावर बसून तपासायचे. विश्वास नव्हता म्हणूनच तपासायचे. दुर्दैवानं ती सगळी इमारत आता ढासळत आहे, आयएनएफ २०१९ ला संपला, लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवरचा शेवटचा उरलेला न्यू स्टार्ट करार पण ५ फेब्रुवारी २०२६ ला संपला. मोठेच असे वागून राहिले तर लहानांना काय सांगायचं, हा प्रश्न मला पण पडते.

मला जास्त जवळचं उदाहरण ब्राझील आणि अर्जेंटिनाचं वाटते. शेजारी, जुनी खुन्नस, दोन्हीकडं लष्करी राजवट होऊन गेलेली, दोन्हीकडं लपूनछपून युरेनियमचं काम. १९८७ मध्ये ब्राझीलचे अध्यक्ष सार्ने अर्जेंटिनाचा पिल्कानियेऊचा गुप्त प्लांट पाहायला स्वतः गेले, आणि दुसऱ्या वर्षी अर्जेंटिनाचे अल्फोन्सिन ब्राझीलचा प्लांट पाहायला गेले. नुसती भेट, पण स्वतःच्या डोळ्यानं पाहिलं. १९९१ मध्ये त्यांनी एबीएसीसी नावाची दोघांची मिळून संस्था काढली, रिओला ऑफिस, अर्जेंटिनाचे इन्स्पेक्टर ब्राझीलचे कारखाने तपासतात आणि ब्राझीलचे अर्जेंटिनाचे. अजून चालू आहे. त्यांच्यात काश्मीर नव्हतं, दहशतवाद नव्हता, बॉम्ब बनलेलाच नव्हता, हा मोठा फरक आहे आणि तो मी लपवत नाही. पण ती पहिली भेट सोपी नव्हती, तिथल्या सैन्याला ते आवडलं नव्हतं, अन् तरी झाली.

आमच्याकडचा एक पोरगा, भरतीची तयारी करते, त्याच्याशी यावरच बोलणं झालं. तो म्हणे, "दादा, तुमी म्हनता ते ठीक हाय, पन ते लोक अतिरेकी धाडतेत अन् आपन त्यायच्यासंग कागद करत बसायचं का?" प्रश्न बरोबर आहे. मी त्याला म्हटलं की अतिरेक्यांचा बंदोबस्त करायचाच, त्यात कोणी हात बांधा म्हणत नाही. पण तू उद्या सीमेवर उभा राहशील, तेव्हा तिकडून एखादं मिसाईल चुकून सुटलं तर ते चुकून सुटलं हे तुझ्या साहेबाला पाच मिनिटांत कळलं पाहिजे की नाही? तो थोडा वेळ बोलला नाही, मग म्हणे, "हो, ते तं पायजे."

तर माझी मागणी मोठी नाही. २००५ च्या करारात क्रूझ मिसाईल अन् लांब पल्ल्याचे हल्ल्याचे ड्रोन टाका. चुकून काही सुटलं तर किती मिनिटांत, कोणी, कोणाला फोन करायचा हे लिहून ठेवा, दोन दिवसांनी प्रेसनोट नको. डीजीएमओंची हॉटलाईन आहेच, १० मेला तिचाच उपयोग झाला, तशीच अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांत एक थेट लाईन ठेवा. छोटे रणांगणी बॉम्ब शांततेच्या काळात सीमेपासून किती दूर ठेवायचे यावर बोलायला सुरुवात करा. १९९८ पासून दोघांनीही अणुचाचणी घेतलेली नाही, ते आपापल्या मर्जीनं आहे, ते दोघांच्या सहीनं पक्क्या करारात आणा. यातल्या एकाही गोष्टीसाठी काश्मीरवर एक इंच मागं सरकावं लागत नाही आणि एकही बॉम्ब कमी करावा लागत नाही.

आमच्याकडं मत मागायला येतात तेव्हा आपण कापसाचा भाव विचारतो, पीकविमा विचारतो, पांदण रस्ता विचारतो, ते विचारलंच पाहिजे. पुढच्या टाईमाला खासदारकीचा उमेदवार आमच्या चावडीवर आला की मी त्याच्यासोबत हे पण विचारणार आहे की क्रूझ मिसाईलच्या सूचनेच्या करारावर तू संसदेत प्रश्न टाकशील का, अन् टाकशील तर कोणत्या अधिवेशनात.